घास नाकारला, आता त्या दुकानात कुठल्या तोंडाने जाऊ?

ताई, नमस्कार. आम्ही मेरीलँडमधे सिल्व्हर स्प्रिंगला राहतो. मे महिन्यात सासू-सासरे संभाजीनगरहून आलेत, दिवाळीच्या आधी परत जातील. घरापासून चालत सात मिनिटांवर एक इथिओपियन मार्केट आहे, पुढे किराणा आणि मागे पाच-सहा टेबलांचं साधं हॉटेल. मी दोन वर्षं मसूर डाळ आणि कॉफी तिथूनच आणते, माझा नऊ वर्षांचा मुलगा तिथल्या इंजेरावर, म्हणजे त्यांच्या आंबट जाळीदार पोळीवर, जीव टाकतो. ते चालवणाऱ्या बाई साठीच्या असतील, पोराचे फार लाड करतात. दोन आठवड्यांपूर्वी शनिवारी दुपारी सगळ्यांना घेऊन गेले. सासूबाई पूर्ण व्हेज, म्हणून व्हेजच मागवलं, एका मोठ्या ताटात सगळ्यांचं एकत्र आलं. त्यांनी कडेचे दोन घास खाल्ले असतील, तेवढ्यात त्या बाई आल्या, इंजेराच्या तुकड्यात डाळ गुंडाळून एक घास पोराला भरवला, मग एक माझ्या नवऱ्याला आणि तिसरा थेट सासूबाईंच्या तोंडासमोर. सासूबाई खुर्ची सरकवून उठल्याच, "नको नको" करत नाकाला पदर लावून बाहेर पार्किंगमधे जाऊन उभ्या राहिल्या. त्या बाईंचा हात तसाच हवेत. शेवटी सासऱ्यांनी आ केला आणि तो घास खाल्ला! आता घरी वेगळंच सुरू आहे, "परक्या बाईच्या हातून घास खाल्लात" म्हणून सासूबाई सासऱ्यांशी धड बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं ते लोक एकमेकांचं उष्टं खातात, आणि त्या डाळीत काय होतं ते देव जाणे. नवरा म्हणतो विषय संपव, आईला परत नेऊ नकोस, बाहेर खायचंच असेल तर पिझ्झा खाऊ. पोरगा रोज विचारतो कधी जायचं. मी तेव्हापासून डाळ लांबच्या दुकानातून आणतेय, त्या बाईंना तोंड दाखवायची लाज वाटते. तीन आठवड्यांनी चातुर्मास लागतोय, मग सासूबाईंचं कांदा-लसूण बंद. काय करू?

— कोंडीत सापडलेली सून


अगं, सगळ्यात आधी तुझ्या सासऱ्यांना माझा नमस्कार सांग. पूर्ण प्रकरणात प्रसंगावधान दाखवलं ते त्या एका माणसाने, आणि शिक्षा पण त्यालाच. त्यांनी आ केला नसता तर त्या बाईंचा हात हवेतून खाली यायला किती वेळ लागला असता विचार कर.

तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना एका शब्दावर अडले. तू लिहिलंयस, नाकाला पदर लावला. घास नको असेल तर माणूस तोंड फिरवतो, फार तर तोंडावर हात ठेवतो. नाकाला पदर वासाने लागतो गं. मी इथे व्हर्जिनियात सतरा वर्षं आहे, अशा मार्केटमधे माझी शेकडो वेळा खेप झालीय, त्यामुळे तुझं दुकान न बघता पण मला दिसतंय. पुढे टेफ नावाच्या धान्याच्या पिठाच्या गोण्या, बर्बेरे या तिखट मसाल्याची लालभडक पाकिटं, कच्च्या हिरव्या कॉफीच्या बिया, धूप, दारातच प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी घालून रचलेला ताजा इंजेरा जो आतून वाफेने ओला झालेला असतो. आणि मागे हॉटेलला लागून काचेचा काऊंटर आणि त्यात बीफ. बऱ्याच ठिकाणी तिथेच लोकांसमोर कापून देतात, कारण त्यांच्यात ताजं मांस कच्चं खायची पद्धत आहे, आणि शनिवार दुपार म्हणजे त्या काऊंटरवर ही गर्दी. आता सांग, तुमचं टेबल कुठे होतं? सासूबाईंचं तोंड कुठल्या दिशेला होतं? माझी पैज आहे की घास समोर यायच्या आधी दहा मिनिटं त्या माउली श्वास रोखून बसल्या होत्या, घास हे फक्त शेवटचं निमित्त. उष्ट्याचं कारण घरी आल्यावर सुचलं असेल, कारण "मला कसंतरी होत होतं" हे सुनेसमोर बोलणं त्या पिढीला जड जातं.

म्हणजे चूक कोणाची? राग मानू नकोस पण बरीचशी तुझी. तू दोन वर्षं तिथे जातेस, तुला सगळं सवयीचं झालंय, त्यामुळे सांगायचं राहून गेलं. ना सासूबाईंना सांगितलंस की तिथे एका ताटात जेवतात आणि भरवतात, ना त्या बाईंना सांगितलंस की माझ्या सासूबाई अशा-अशा आहेत. दोन्हीकडे अंधार आणि मधे तू, मेन्यू बघत.

आता तो घास. त्याला त्यांच्या अम्हारिक भाषेत गुर्शा म्हणतात. इंजेराचा तुकडा तोडायचा, त्यात जे ताटातलं सगळ्यात चांगलं असेल ते गुंडाळायचं आणि आपल्या हाताने समोरच्याच्या तोंडात द्यायचं. पाहुण्याला, वडीलधाऱ्यांना, लाडक्या माणसाला. घास जेवढा मोठा तेवढी माया जास्त, त्यामुळे तो कधीकधी आपल्या मोदकाएवढा असतो आणि खाताना डोळ्यात पाणी येतं. एकच गुर्शा देऊन थांबू नये असंही मानतात, म्हणजे सासूबाईंनी पहिला खाल्ला असता तर दुसरा आलाच असता, ती पण तयारी ठेव. नाकारला तर देणाऱ्याला लागतं हे खरंय. पण पाहुणा परका आहे, त्याला माहीत नाही, हे त्यांनाही कळतं, इतकी वर्षं अमेरिकेत दुकान चालवणाऱ्या बाईला तर नक्कीच कळतं.

सासूबाईंना हे समजावताना कृपा करून कल्चर, रिस्पेक्ट असले शब्द काढू नकोस, लगेच भाषण वाटतं. तुझ्या लग्नाचा व्हिडिओ असेल ना, त्यातली जेवणाची पंगत लाव. तू उखाणा घेऊन नवऱ्याला जिलबीचा घास भरवतेयस आणि मागे सगळ्या बायका "अजून मोठा, अजून मोठा" ओरडतायत, आणि बहुतेक त्यात सासूबाईंचाच आवाज सगळ्यात मोठा असेल. मग फक्त एवढंच म्हण की आई, त्या बाई हेच करत होत्या. पुढचं त्यांचं त्यांना कळेल, बायकांना हे फार समजवावं लागत नाही.

उष्ट्याचं म्हणशील तर तो प्रश्न मी उडवून लावणार नाही. एका ताटात चार जणांचे हात हे आपल्याकडे सगळ्यांना जमत नाही, माझ्या आईला शेवटपर्यंत जमलं नाही. पण तिथली रीत अशी की जो तो आपल्या समोरच्या भागातलंच खातो, उजव्याच हाताने, पलीकडच्याच्या हद्दीत हात घालायचा नाही आणि बोटं चाटायची तर अजिबातच नाहीत. भाजीला बोट लागत नाही, इंजेराच्या तुकड्याने चिमटीत धरून उचलतात. हे ऐकल्यावर पण सासूबाईंना नको असेल तर वेगळी प्लेट माग, काऊंटरवर सांगितलं की देतात, कुणी भुवई पण वर करत नाही. जबरदस्ती करायचीच नाही.

आणि त्या डाळीत काय होतं, याचं उत्तर मी देते, कारण ते ऐकून सासूबाई नीट जेवतील अशी मला आशा आहे.

इथिओपियातले ऑर्थोडॉक्स ख्रिश्चन लोक दर बुधवारी आणि शुक्रवारी उपास करतात. शिवाय ईस्टरच्या आधी सलग ५५ दिवस, आणि अधूनमधून बाकीचे आहेतच. आणि त्यांचा उपास म्हणजे आपल्यासारखी एकादशी आणि दुप्पट खाशी नाही हां. मांस नाही, अंडं नाही, दूध नाही, दही नाही, तूप सुद्धा नाही, आणि जे खरे कडक आहेत ते दुपारपर्यंत तोंडात काही घालत नाहीत. आपल्या उपासाला कांदा-लसूण-डाळी चालत नाहीत पण साजूक तूप आणि दही चालतं, त्यांचं बरोब्बर उलटं. या उपासाच्या जेवणाला यत्सोम म्हणतात, आणि सगळे प्रकार थोडे-थोडे वाढलेलं जे मोठं ताट येतं त्याला बेयायनेतु, म्हणजे सगळ्यातलं थोडंथोडं. काऊंटरवर नुसतं व्हेज म्हणालीस तर त्यात तूप असू शकतं, ते आपल्याला चालतंच म्हणा, पण यत्सोम बेयायनेतु म्हणालीस की समोरच्याच्या डोक्यात काही शंकाच उरत नाही. त्यांच्या धर्माचाच नियम तुझ्या सासूबाईंची राखण करतो, याच्यापेक्षा मोठी गॅरंटी कुठलं उडप्याचं हॉटेल देणार सांग. फक्त उपासात काहीजण मासे खातात, त्यामुळे "फिश पण नको" हे तेवढं बोलून टाकायचं. आणि दुकानात मेरीमातेचं, संत जॉर्जचं चित्र आहे का ते बघ, कारण बरेच इथिओपियन मुस्लिम पण असतात, त्यांच्याकडे यत्सोम मिळतं पण बुधवार-शुक्रवारचं गणित लागू नाही.

ताटात काय येतं? तांबडी मसूर बर्बेरेत शिजवलेली, ती मिसिर वॉट (वॉट म्हणजे रस्सा), तिखट. हळदीची पिवळी डाळ, किक अलिचा, अजिबात तिखट नाही, सासऱ्यांना पथ्य असेल तर तीच. कोबी-बटाटा-गाजराची भाजी जी तू डोळे मिटून खाल्लीस तर सोलापूरच्या खानावळीत बसल्यासारखं वाटेल. पालेभाजी, गोमेन. बीट. आणि शिरो. नावावर जाऊ नकोस, शिरो म्हणजे शिरा नाही, शिरो म्हणजे पिठलं! हरभऱ्याचं नाहीतर वालासारख्या कडधान्याचं पीठ, कांदा, लसूण, मसाला, पाण्यात घोटत शिजवायचं. काही ठिकाणी मातीच्या छोट्या भांड्यात रटरटत आणून ठेवतात, वर बुडबुडे फुटत असतात, त्याला तेगाबिनो म्हणतात. मराठवाड्यातल्या बाईसमोर रटरटतं पिठलं ठेवलंस तर तिला नाही म्हणणं अवघड जाईल. फक्त एक लक्षात ठेव, मेन्यूवर बोझेना शिरो असेल तर तो नाही, त्यात मांस असतं. हे मी अनुभवाने सांगतेय असं नाही, माझा अनुभव त्याहून वाईट आहे. अमेरिकेत आलो त्या पहिल्या वर्षी ह्यांनी एका ठिकाणी मेन्यूवर किटफो वाचलं आणि मोठ्या आत्मविश्वासाने म्हणाले हा कोफ्ता असणार, दोन दे. किटफो म्हणजे कच्चं बीफ, बारीक चिरलेलं, मसाल्याच्या तुपात कालवलेलं. आले दोन. मी ताटाकडे बघतेय, हे माझ्याकडे बघतायत, वेटर आमच्याकडे बघतोय. पैसे भरले, टिप दिली आणि गाडीत बसून चिवडा खाल्ला. चूक शंभर टक्के आमची होती, पण त्यानंतर सहा महिने तिकडे फिरकलो नाही, त्यामुळे लाज वाटून लांबच्या दुकानातून डाळ आणणं म्हणजे काय हे मला सांगू नकोस.

तर इंजेरा. तो त्या टेफचा, दाणा खसखशीएवढा, पीठ दोन-तीन दिवस आंबवतात आणि मिताद नावाच्या मोठ्या सपाट तव्यावर ओतून वर झाकण, एकाच बाजूने भाजायचा, उलटायचा नाही. वरून छान जाळी पडते, त्या भोकांना ते लोक डोळे म्हणतात. आंबट लागतो. पहिल्या घासाला सगळे तोंड वाकडं करतात, पण सासूबाईंना महालक्ष्म्यांच्या नैवेद्याची ज्वारीची आंबील माहीत असणार, त्यांना म्हणावं ही आंबिलीची पोळी समजा. हा आंबटपणा डाळीच्या तिखटाशी इतका जमतो की चौथ्या घासानंतर विसरायला होतं. पण पोटात फुगतो तो, दीड इंजेरा खाल्ला की माणूस गप्प होतो, तेव्हा पाच जणांना तीन बेयायनेतु मागवू नकोस, दोन पुरतात. आणि कुणाला गव्हाचा त्रास असेल तर नुसत्या टेफचा आहे का हे विचारायचं, इथे बरेच जण त्यात गहू नाहीतर बार्ली मिसळतात.

आता तारीख. चातुर्मासात नेऊन उपयोग नाही, हे मी तुला स्पष्ट सांगते, कारण कांदा-लसूण काढलं तर त्या स्वयंपाकात उरतं फक्त बीट आणि प्रार्थना. प्रत्येक वॉटचा पाया म्हणजे ढीगभर कांदा, बारीक चिरून तेलसुद्धा न घालता कोरडाच मंद आचेवर बराच वेळ परतायचा, तो लगदा झाला की मग तेल आणि बर्बेरे. आणि इथेच मला तुझ्यासाठी मुहूर्त सापडला. कांदेनवमी! आषाढी एकादशीच्या आधी दोन दिवस, आषाढ शुद्ध नवमी, चातुर्मासासाठी कांदा सोडायच्या आधी आपण भजी, थालीपीठ, झुणका करून कांद्यावर आडवा हात मारतो तो दिवस. सासूबाई करतच असणार. यंदाची कांदेनवमी तिथे कर. कालनिर्णयमधे वार बघ, बुधवार-शुक्रवार आला तर सोन्याहून पिवळं, नाही आला तर त्याच्या आधीचा जवळचा बुधवार धर, नवमी कुठे पळून जात नाही. उपासाच्या दिवशी मांसाच्या काऊंटरवर गर्दी कमी, व्हेजचं सगळं ताजं आणि भरपूर. दुपारी दोननंतर जा. आणि टेबल किराण्याच्या बाजूचं, दाराजवळचं, सासूबाईंची पाठ काऊंटरकडे. एवढं एक केलंस तरी माझ्या मते अर्धं काम झालं.

पण त्याच्या आधी तुला एकटीला जायचंय, आणि ते या आठवड्यातच. शनिवारी नको, कुठल्याही दिवशी चारच्या सुमारास, जेव्हा त्या बाई निवांत बसलेल्या असतील. पोराला घेऊन जा, पोरं असली की अर्धं अवघडलेपण जातं. सांगायचं एवढंच की माझ्या सासूबाई देशातून पहिल्यांदाच आल्यात, त्यांच्या घरात दुसऱ्याच्या हातून खायची पद्धत नाही, मांसाच्या वासाची सवय नाही, मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं, माझं चुकलं. सॉरीला ते लोक यिकर्ता म्हणतात, तेवढा एक शब्द त्यांच्या भाषेत म्हण. सासूबाईंना माफी मागायला लावू नकोस आणि त्यांच्या वतीने पण मागू नकोस, तुझी तू माग. आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस. पण बेसनाचे लाडू नको! बुधवार-शुक्रवार असला तर तुपातलं त्यांना चालणार नाही आणि बिचाऱ्या हातात घेऊन बसतील. तिळाचे लाडू ने, गुळाच्या पाकातले, तुपाचा हात न लावता वळलेले. आणि शक्य असेल तर ते सासूबाईंकडून वळून घे. कशासाठी ते आधी सांग, लपवाछपवी नको. "त्या बाईंना द्यायचेत, त्यांचा उपास असतो, तूप चालत नाही" एवढंच म्हण. उपास म्हटल्यावर सासूबाईंच्या चेहऱ्यात काय फरक पडतो ते बघ आणि मला कळव, मला खरंच उत्सुकता आहे. माझा अंदाज, पहिला प्रश्न येणार "दूध पण नाही? मग चहा कसा पितात?"

याचं पण उत्तर तयार ठेव. त्यांचा चहा असतो, त्याला शाय म्हणतात, बिनदुधाचा, दालचिनी-लवंग-वेलची घातलेला, आपल्या मसाला चहाचा बिनदुधाचा भाऊ. आणि जेवणानंतर वेळ असला तर कॉफी सांग, पण मशीनची नाही, जेबेनातली. जेबेना म्हणजे लांब मानेची काळी मातीची सुरई. काही ठिकाणी अजून समोर बसून हिरव्या बिया तव्यात भाजतात, आणि भाजून झाल्या की तो धुराचा तवा प्रत्येकाच्या नाकासमोरून फिरवतात, आपण आरती घेतो तसा धूर हाताने ओढून घ्यायचा. शेजारी निखाऱ्यावर धूप. बिनकानाच्या छोट्या कपातून तीन फेऱ्या होतात, अबोल, तोना, बराका, तिसरी म्हणजे आशीर्वादाची, तिच्या आधी उठणं बरं दिसत नाही. बरोबर काय देतात माहितीये? पॉपकॉर्न. साध्या लाह्या! तेव्हा सासूबाईंनी बाकी कशाला हात नाही लावला तरी लाह्या आणि धुपाचा वास एवढ्यावर त्यांची बैठक जमून जाईल.

तिथे एक ऐकशील, कुणी जेवत असेल आणि कुणी ओळखीचं आत आलं की जेवणारा म्हणतो "इन्निब्ला". म्हणजे चला, जेवूया. आपण "या जेवायला" म्हणतो ना अगदी तसंच, येणारा नको म्हणणार हे माहीत असून म्हणायचं, पण म्हणायचंच. हे सासऱ्यांना शिकवून ठेव, त्यांना आवडेल असं वाटतंय मला.

सासऱ्यांवरून आठवलं. संभाजीनगरचे आहेत म्हणजे मलिक अंबर त्यांना सांगायला नको. हा माणूस मूळचा इथिओपियाचा, गुलाम म्हणून विकला गेलेला, हातोहात फिरत दख्खनला आला आणि अहमदनगरच्या निजामशाहीचा वजीर झाला, १६१० मधे खडकी वसवली ती त्याने, तेच पुढे औरंगाबाद आणि आता संभाजीनगर. शहराला पाणी देणारी नहर-ए-अंबरी त्याचीच. म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या गावाचा पाया ज्याने घातला तो त्या बाईंच्या देशाचा. हे त्या बाईंना सासऱ्यांनीच सांगू दे, तू नको, त्यांना एक विषय मिळेल आणि हॉटेलातल्या तीन टेबलांना पण. एकच सावध करून ठेव, बोलताना हबशी हा शब्द नको. ते लोक स्वतःला अभिमानाने हबेशा म्हणवतात, मूळ एकच, पण आपल्या तोंडी त्या शब्दाचं काय झालंय ते आपल्याला माहीत आहे, आणि ते भर दुकानात समजावत बसायला नको. आणि समोरचा इरिट्रियाचा पण असू शकतो, जेवण जवळपास तेच, पण देश वेगळा आणि मधे मोठी लढाई झालेली, तेव्हा "तुम्ही कुठले" हे आधी विचारून मग मलिक अंबर.

नवऱ्याबद्दल एकच सांगते. आईला त्रास नको हे त्याचं बरोबर आहे, पण विषय संपव म्हटल्याने विषय संपत नाही, तो फक्त तुझ्या एकटीच्या डोक्यात जाऊन बसतो. आणि पिझ्झ्याचं म्हणशील तर त्याला विचार, वर भुरभुरवतात त्या पार्मेझान चीजमधे काय असतं. अस्सल पार्मेझानमधे वासराच्या पोटातलं, दूध घट्ट करणारं रेनेट असतं. हे सासूबाईंना मात्र सांगू नकोस हं, त्यांनी इतक्या वर्षांत किती खाल्लं असेल कुणास ठाऊक, आता नवीन संकट नको.

समजा सगळं करून पण सासूबाई म्हणाल्या मला नाही यायचं, तर सोडून दे. खरंच सोडून दे. त्यांना घरी भाजी-भाकरी करून ठेव आणि तुम्ही चौघं जा, त्यात काही अपमान नाही, त्यांचाही नाही आणि त्या बाईंचाही नाही. येताना शिरोच्या पिठाचं एक पाकीट घेऊन ये, मसाला आधीच घातलेला असतो, पाण्यात कालवून कांद्यावर टाकलं की वीस मिनिटांत होतं, आणि ते ज्वारीच्या भाकरीबरोबर सासूबाईंना वाढ. नाव विचारलं तर पिठलं म्हण, खोटं नाहीये.

आणि आल्या तर, त्या बाई पुन्हा घास घेऊन येणारच हे धरून चल. तू आधी बोलून ठेवलेलं असेल तर त्या बहुतेक घास सासूबाईंच्या प्लेटमधे ठेवतील, तोंडाशी नेणार नाहीत. पोट भरलं म्हणायला बक्कान्य म्हणतात, सासूबाईंना तो शब्द येऊ दे, नको नकोपेक्षा बरा ऐकू येतो. आणि मी तुझ्या जागी असते तर घरून निघतानाच सासूबाईंना हळूच सुचवलं असतं की आई, तुम्हाला खायचा नाहीये ना, मग तुम्हीच एक घास करून त्या बाईंना द्या. कोरडा, नुसता इंजेरा आणि शिरो. देणाऱ्याला उष्ट्याची भीती नसते.

सासऱ्यांना मात्र या वेळी सांगून ठेव, आधी बायकोकडे बघायचं आणि मगच आ करायचा.